टाकी नसलेला गिझर बसवताना

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात साठवणीच्या गिझरऐवजी विजेवरचा, टाकी नसलेला गिझर बसवताना सर्वांत आधी वायरिंग बदलून घेतले, आणि माझ्या मते यातली खरी महत्त्वाची गोष्ट हीच आहे. 3 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर वीज ओढतो. त्यामुळे त्याला 16 अँपिअरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच), 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि भक्कम अर्थिंग हवेच.

एवढ्या विजेत मिनिटाला 2 लिटर पाणी साधारण 21 अंशांनी तापते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने पौषातल्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतले पाणी चांगलेच गार असते. म्हणून आम्ही नळ पूर्ण न सोडता बारीक धारेने बादली भरतो, आणि बंबासारखे कढत नसले तरी अंगाला बरे वाटेल असे ऊन पाणी लगेच मिळते. आईला आता टाकी तापेपर्यंत ताटकळावे लागत नाही, याचे मला मनापासून समाधान आहे. मोठ्या शॉवरखाली आंघोळ करणाऱ्यांनी मात्र साठवणीचाच गिझर ठेवावा. बोअरचे पाणी जड असेल, तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. तो वेळोवेळी साफ करून घ्यावा.