बाकाची जागा

जी माझ्या अंगणातली बाग आखून देते आहे, तिने आज विचारले, "तिथे बाकावर बसल्यावर तुला कसे वाटायला हवे आहे?" झाडांची यादी, जमिनीची मापे, कोणत्या कोपऱ्यात किती वेळ ऊन असते याची टिपणे, सगळे माझ्याजवळ तयार होते, या एका प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते. "शांत वाटावे," असे मी म्हटले खरे, पण म्हणतानाच ते मला पटले नाही.

शांतता दार लावून घेतले तरी मिळते. मला हवे आहे ते कोणाच्याही नजरेत नसणे. दिवसभर मी कोणाला ना कोणाला दिसत असते, हाक आली की सापडते, आणि सापडणे हेच माझे काम आहे असे आता सर्वांनी धरून ठेवले आहे. एवढ्याशा अंगणातही जर कोणी मला शोधतच येणार असेल, तर झाडे लावायची कोणासाठी? याच्या मुळाशी काय आहे ते मला माहीत आहे. आज ते लिहिणार नाही.

भूगोलाचे अभ्यासक जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये असे मांडले होते की, जिथून दूरवरचे दिसते, पण आपण स्वतः सहज दिसत नाही, अशी जागा माणसाला मुळातच आवडते. पाठीशी भिंत किंवा दाट झाडी, डोक्यावर एखादी फांदी आणि समोर मोकळी नजर असली की माणूस निवांत बसतो. हिरवळीच्या मधोमध ठेवलेल्या उघड्या बाकावर तो सारखा मागे वळून पाहतो. माझी इच्छा इतकी जुनी आणि इतकी सर्वांची आहे हे कळल्यावर मला बरे वाटले. तरीही संध्याकाळी कागदावर चारही बाजूंनी उंच झुडपे काढून पाहिली, तेव्हा जीव घुसमटला. म्हणजे लपणे मला पुरत नाही. घरातला दिवा लागलेला दिसावा, कोणी हसले तर ते ऐकू यावे, आणि तरीही त्या क्षणी माझ्याकडे कोणी काही मागू नये, असे मला वाटते.

संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ मधला अभ्यास यामुळेच आठवला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकांचे डोसही कमी लागले. झाडे जिवंत असतात आणि ती आपल्याकडून उत्तराची अपेक्षा करत नाहीत. मला तरी त्या अभ्यासातून एवढेच घ्यावेसे वाटते. त्या खिडकीवरून मला दुसरी एक खिडकी आठवते, पण ते राहू दे.

मी तिथे बसणार ती दिवेलागणीला. उजेड मंदावू लागला की डोळ्यांना लाल रंग सर्वांत आधी काळवंडलेला दिसतो, पांढरा मात्र बराच वेळ टिकतो. म्हणून जास्वंद पुढच्या बाजूला जाईल आणि बाकाजवळ निशिगंध व रातराणी येतील, ज्यांचा गंधही त्याच वेळी पसरतो. वाट अरुंद आणि वळणाची ठेवायची, म्हणजे येणाऱ्याची पावले आपोआप मंदावतील. वाटेवर फरशी नको, बारीक खडी हवी. खडी वाजते. कोणीतरी येणारच आहे आणि, खरे सांगायचे तर, कोणीच आले नाही तर मला ते सोसवणार नाही. येणाऱ्याची चाहूल थोडी आधी लागावी, चेहरा आवरायला तेवढा अवधी मिळावा, इतकेच मला पुरे आहे.

तेव्हा बाक भिंतीला टेकून, तोंड घराकडे, लांबी दोघांना बसता येईल एवढी. समोरची झुडपे बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंतच वाढू द्यायची. या उंचीवरून ती वाद घालेल, कारण तशी वारंवार छाटणी करावी लागते. छाटणी मी करीन, असे उद्या सकाळी तिला कळवते.