विरी गेलेलं पीठ

परातीत छान गोल थापलेली भाकरी तव्यावर टाकायला उचलली आणि मधोमध चिरली.

व्हिडिओ कॉलवर आई बघत होती. म्हणाली, "पिठाची विरी गेलीय. उकड काढून कर."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा; पीठ जुनं झालं की तो जातो. परदेशात ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते दळलंय कधी, देव जाणे. ज्वारीत ग्लूटेन नसतंच. उकळत्या पाण्यात स्टार्च फुलतो आणि त्याच चिकटपणावर भाकरी उभी राहते. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ घातलं, झाकण ठेवून वाफ काढली, चटके बसत असतानाच मळलं. मग भाकरी चक्क लाटताही आली! विजेच्या शेगडीला जाळ नाही, तरी तव्यावरच फडक्याने दाबल्यावर टम्म फुगली.

डोक्यात राहिलं ते वेगळंच. आईकडे गिरणीतलं ताजं पीठ असतं. तिला भाकरीसाठी उकड काढताना मी कधीच पाहिलेलं नाही. तरी तिला हे ठाऊक होतं. म्हणजे जुन्या पिठाशी झुंजलेल्या बायका आमच्या घरात आधीही होऊन गेल्या. आणि इथल्या स्वयंपाकाला आपण सरसकट तडजोड म्हणतो!

तुमच्या आईला अशा कोणत्या युक्त्या येतात, ज्यांची तिला कधी गरजच पडली नाही? विचारलंत कधी?