कंटाळा येतो का? येतो.

"सुट्टीत मुलांकडून दिवसभर करून घेता तरी काय? आणि तुम्हाला कंटाळा नाही येत?" मी मुलं सांभाळते हे कळलं की हे दोन प्रश्न येतातच, बहुधा याच क्रमानं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि दुसऱ्याचं उत्तर आधी देते. येतो. तीच लाल मोटार त्याच सतरंजीवरून चाळिसाव्यांदा जाते आणि चाळिसाव्यांदाही "अरे बापरे, केवढी जोरात!" म्हणायचं असतं. ते दर वेळी मनापासून निघतं असं नाही. त्यात मुलांची सुट्टी म्हणजे माझे कामाचे तास वाढलेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011च्या करारात (क्रमांक 189) घरकाम करणाऱ्यांना आठवड्याला किमान सलग 24 तास विश्रांती हवी असं लिहिलंय, म्हणून हा विषय मी नव्या घरी पहिल्याच दिवशी काढते. नंतर काढला की उपकार मागितल्यासारखं होतं.

आता पहिला प्रश्न. सुरुवातीला मी वेळापत्रक करायची. नऊ ते दहा चित्रं, दहा ते अकरा कागदकाम. सव्वानऊलाच चित्रं उरकलेली असायची आणि दोन्ही पोरं समोर उभी, "मावशी, आता?" त्या "आता?"ची मी धास्तीच घेतली होती. एका उन्हाळ्यात वैतागून धाकट्याच्या हातात रंगकामाचा जाड ब्रश आणि डबाभर पाणी दिलं. म्हटलं, जा, भिंत रंगव.

चार वर्षांचा होता. जीभ बाहेर काढून त्यानं भिंतीवर स्वतःचं नाव लिहायला घेतलं. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचला तोवर पहिलं गायब. "मावशी, माझं अक्षर कुणी पुसलं?" संशय अर्थातच ताईवर. भांडण झालं, रडारड झाली, पुन्हा लिहून पहारा ठेवला गेला. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की अरे, पाण्याची वाफ होते. गिळलं. तिसऱ्या दिवशी तो सावलीतल्या भिंतीवर लिहायला लागला आणि मला गुपचूप सांगितलं, "ऊन पितंय ते. इथं त्याला सापडत नाही." बाष्पीभवन शाळेत शिकतीलच. मी वेळापत्रक फाडलं ते तेव्हा.

ताई नऊ वर्षांची, तिला एवढ्यात भागत नाही. तिच्यासाठी खडू. सकाळी फरशीवर तिच्या पावलांभोवती रेघ ओढायची आणि तिच्या सावलीची कड काढायची, मग तासातासानं त्याच पावलांत उभं राहायचं. सावली सरकते, आखूड होत जाते, ऊन डोक्यावर आलं की पायाशी गोळा होते. या खेळात माझाही स्वार्थ आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक, अतिनील किरणांचा मारा जास्त. "आत चला" असं मी शंभरदा सांगून जे होत नाही, ते सावली एकदा सांगते आणि तिच्याशी वाद घालता येत नाही. गंमत म्हणजे मीच फसले. रंगीत कागदावर पानं ठेवून, वर खडे ठेवून उन्हात सोडायचे, चार तासांनी भोवतालचा रंग उडतो आणि पानाचा ठसा उरतो. मी कागद ठेवले आणि तासाभरात झाडाची सावली त्यांच्यावर आली. ठसा शून्य. "सावली सरकते ना मावशी," हे ऐकून घ्यावं लागलं. मग फोटोच्या आधी असे उन्हाचे ठसे होते का, असं तिनं विचारलं. फोटो त्याच्या थोडे आधीच आले होते, पण जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये उन्हावर निळे ठसे उमटवायची पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्री शेवाळाचे तसे ठसे छापले, हे मला ठाऊक होतं. माझा भाव जरा वधारला.

फुग्यांचं एकच सांगते. साबणाच्या पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून रात्रभर ठेवा आणि फुगे सकाळी सोडा, दुपारी नको. कोरड्या, तापलेल्या हवेत त्यांची साय लगेच सुकते आणि ते फुटतात. तारेची चौकोनी कडी करून दिलीत तरी फुगा गोलच येतो. यावर दोन्ही पोरांनी अख्खी सकाळ घालवली, आणि तेवढा वेळ मी बसून होते.

बसून म्हणजे बघत. लोकांना वाटतं, आमचं काम खेळवणं. खेळवणं सोपं आहे हो. एका घरी अकरा महिन्यांचं बाळ होतं. खेळ संपला होता, बादलीत वीतभरही पाणी उरलं नव्हतं. मी टॉवेल घ्यायला वळले आणि परत बघते तर ते बादलीच्या काठाला धरून, डोकं आत घालून वाकलेलं. ना आवाज, ना धडपड. मी उचललं तेव्हा फक्त केस ओले होते. त्या वयात डोकं अंगाच्या मानानं जड, तोल गेला की स्वतःला मागं घेता येत नाही, आणि तान्ह्याला बुडायला पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. घरच्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी मला ठेवलं, पण तो आठवडा मी नीट झोपले नाही. तेव्हापासून पाण्याचा खेळ चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत, आणि खेळ संपला की आधी टब पालथा, मग टॉवेल. "आजच्या खेळाचे फोटो पाठवले नाहीत" अशी आयांची तक्रार असते. असू दे.

टब पालथा करायचं काम हल्ली ताईकडे आहे. परवा तो ओतता ओतता तिनं विचारलं, "मावशी, तुला आमचा कंटाळा येतो?"

"येतो कधी कधी."

"मला पण तुझा येतो," ती म्हणाली आणि पावलांच्या रेघेत जाऊन उभी राहिली. "खडू आण ना."