पोर्ट क्रेडिटच्या काठावरची आमची सहल

इथे ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते. तिला जोडून आलेल्या शनिवारी किंवा रविवारी आमच्या मराठी मंडळाची सहल ठरलेली, आणि जागाही जवळजवळ ठरलेलीच: कॅनडात टोरांटोला लागून असलेल्या मिसिसॉगा शहराचा दक्षिण काठ, पोर्ट क्रेडिट. कधी क्रेडिट नदीच्या मुखाजवळचं सॅडिंग्टन पार्क, कधी पूर्वेला लेकफ्रंट प्रोमेनेड. समोर ओंटारिओ सरोवर, पलीकडचा काठ दिसतच नाही, त्यामुळे नवीन आलेले लोक हमखास "समुद्र" म्हणून मोकळे होतात. गणपती आणि दिवाळी आम्ही भाड्याच्या सभागृहात करतो. तिथे सगळे ठेवणीतल्या कपड्यांत, आणि गप्पा मध्यंतरापुरत्या. सहलीला माणसं खरी भेटतात. एरवी "काय, कसं काय" एवढ्यावर थांबणारे लोक इथे बाह्या सरसावून रस्सीखेचीला उभे राहतात, आणि आजीमंडळी सावलीत चटई टाकून दोन कुटुंबांची पार कोल्हापूर-साताऱ्यापर्यंतची नाती जुळवून टाकतात.

खाण्याचा थाट साधा, पण भरपूर. सकाळी पोहे, दुपारी बटाटेवडे, मोठ्या पातेल्यात मठ्ठा. चार वाजता निखाऱ्यांवर कणसं. दक्षिण ओंटारिओचा मका ऑगस्टमध्ये नुकता निघायला लागलेला असतो. दाणे इतके कोवळे की लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून घासली की रस हातावर ओघळतो. त्या धुरात उभं राहून कणसं फिरवायचा मान गेली कित्येक वर्षं एका मावशींकडे आहे, आणि त्या चिमटा दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

खेळांत लगोरी सर्वांत लाडकी. तिच्यासाठी कुणाला घरून काही आणावं लागत नाही. इथला तळाचा खडक म्हणजे शेल, थराथराचा, करड्या रंगाचा. लाटांनी त्याच्या चपट्या चकत्या होऊन काठाला लागलेल्या असतात, कडा गुळगुळीत झालेल्या. सात दगड निवडायला मुलांना पाच मिनिटंही लागत नाहीत. खेळ संपला की ते होते तिथे परत टाकायचे, हा नियम मात्र कडक. तो घातला आमच्या एका काकांनी. काका निवृत्त स्थापत्य अभियंता, मूळचे सांगलीचे. जेवणं झाली की मुलांना घेऊन ते काठाने फिरायला निघत, आणि त्या तासाभराची वाट मोठी माणसंही पाहत.

नियमामागची गोष्ट काका रंगवून सांगत. एकोणिसाव्या शतकात इथून छोट्या उथळ बुडाच्या शिडाच्या होड्या निघायच्या, स्टोनहूकर. काठाजवळ नांगर टाकायचा, पडावात उतरायचं, लांब दांड्याच्या वाकड्या दातांच्या आकड्याने तळाचे दगड सुटे करून वर ओढायचे आणि टोरांटोला नेऊन विकायचे. टोरांटोतल्या कितीतरी इमारतींचे पाये याच दगडांवर उभे राहिले. पोर्ट क्रेडिट हे त्या धंद्याचं मुख्य ठिकाण. पण काठाचे दगड गेले तशा लाटा सरळ मातीवर आदळू लागल्या आणि शेतकऱ्यांच्या जमिनी सरोवरात जाऊ लागल्या. म्हणून १८५७ मध्ये कायदा झाला, की काठापासून तीन रॉड, म्हणजे पन्नास फुटांच्या जरा आतल्या अंतरात दगडाला हात लावायचा नाही. तरी धंदा चालू राहिला, तो थेट काँक्रीटचे दिवस येईपर्यंत. काका हे सांगताना पाण्यात पाय रोवून आकड्याचा दांडा ओढून दाखवत. ओलं दगडी ओझं वर घेताना कंबरेत कशी कळ यायची, तेही.

मुलांचं खरं आकर्षण मात्र बंदरातलं जहाज. मरीनाच्या तोंडाशी 'रिजटाउन' उभं आहे, पुढची केबिन आणि धुराडं पाण्याच्या वर. शिकागोत १९०५ साली बांधलं, तेव्हाचं नाव 'विल्यम ई. कोरी'. आयुष्यभर सरोवरांवरून माल वाहिला. शेवटी १९७४ मध्ये पोटात दगड भरून ते इथे मुद्दाम टेकवलं, लाटा अडवायला. त्याच्या आडोशाला आज पांढऱ्या शिडांच्या नौका निवांत डुलतात. पोर्ट क्रेडिट हे स्वतंत्र गाव मिसिसॉगा शहरात विलीन झालं तेही १९७४ मध्येच.

एका वर्षी काका म्हणाले, "आपण गोष्ट मधूनच सुरू करतोय." त्या वर्षापासून सुरुवात इथल्या मूळ रहिवाशांपासून, म्हणजे मिसिसॉगा लोकांपासून होऊ लागली, आणि मला ते फार योग्य वाटलं. फ्रेंच व्यापारी या लोकांना माल उधारीवर देत, हंगामानंतर फरच्या रूपात वसूल करत. नदीचं नाव त्यावरूनच क्रेडिट पडलं. १८२६ पासून नदीकाठी त्यांचं घरंदारं, शाळा, चर्च असलेलं गाव होतं. १८३४ मध्ये बंदर बांधायला कंपनी निघाली तेव्हा तिचे बहुतांश शेअर त्यांनीच घेतले. एवढं करूनही स्वतःच्या जमिनीचा पक्का कागद त्यांना मिळाला नाही, वसाहतवाल्यांचा रेटा वाढत गेला, आणि १८४७ मध्ये ते हॅगर्सव्हिलजवळ राहायला गेले. ज्यांच्या पैशांतून धक्का उभा राहिला, त्यांनाच तो सोडावा लागला. आम्ही सगळेच घर सोडून आलेले, पण स्वतःच्या इच्छेने. हा फरक काका मुलांना दर वर्षी समजावून सांगत.

पोहण्याच्या बाबतीत सरोवर बेभरवशाचं. पश्चिमेचा वारा जोरात सुटला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी काठाला येतं. मग भर ऑगस्टमध्ये पोरं दात वाजवत बाहेर.

लेकफ्रंट प्रोमेनेडला सहल असली की पूर्वी चार उंच धुराडी दिसत, लेकव्ह्यूच्या कोळशाच्या वीजकेंद्राची. लोक त्यांना 'चार बहिणी' म्हणत. होड्यांना दुरून दिशा दाखवायला त्यांचाच आधार. केंद्र २००५ मध्ये बंद झालं आणि १२ जून २००६ ला धुराडी पाडली. त्या वर्षीच्या सहलीत क्षितिज मोकळं पाहून जुन्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. आता त्याच बाजूला बांधकामातली माती, काँक्रीटचे तुकडे सरोवरात घालून नवा काठ, पाणथळ जागा तयार केली आहे. काका तिथे थांबून म्हणाले होते, "शहराने इथून दगड नेले होते, आता त्याचं देणं फेडतंय."

काकांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ते छपराखाली बसतात आणि फेरी मुलं नेतात. मुलांनी त्यात आपल्या गोष्टी घातल्या आहेत. १८८९ ते १९८९ अशी शंभर वर्षं इथे स्टार्चचा कारखाना होता. त्याच्या 'बी हाइव्ह' पाकाच्या डब्याची पट्टी पाठवली की आइस हॉकी खेळाडूचा फोटो घरी यायचा. हॉकीवेड्या पोरांना ही गोष्ट मिळाल्यावर काय सांगावं!

यंदा मुलांनी कार्यकारिणीपुढे एक मागणीही ठेवली आहे. सप्टेंबरअखेर एरिंडेल पार्कला अजून एक छोटी सहल हवी, क्रेडिट नदीत चिनूक सामन मासे प्रवाहाविरुद्ध वर चढताना पाहायला. मूळचा अटलांटिक सामन धरणांनी आणि बेसुमार मासेमारीने एकोणिसाव्या शतकातच संपला. हा पॅसिफिकचा, माणसांनी आणून सोडलेला. खर्च फार नाही, गाड्या आहेत, थर्मासात चहा नेता येईल. माझं मत मी आधीच देऊन टाकलं आहे, आणि चहाची जबाबदारीही घेतली आहे.