टॉमी गन मोडली, म्हणून शिपाई बदलला

"मामा, खोका नाही आणला. फार जागा खात होता."

भाची हे इतक्या सहज बोलली की मला हसावं की रडावं कळेना. ती नॉटिंगहॅमला शिकते. छोटे शिपाई जोडून, रंगवून टेबलावर लढाया खेळायच्या, हा आमचा छंद; त्यात या गावाला पंढरीचं स्थान आहे. वॉरहॅमरवाली गेम्स वर्कशॉप तिथली, 'बोल्ट ॲक्शन'वाली वॉरलॉर्ड गेम्सही तिथलीच. त्यामुळे ती जुलैमध्ये सुट्टीला येणार म्हटल्यावर मी सहा महिने आधीपासून तिच्या मागे लागलो होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाचा प्लास्टिकचा संच, 28 मिमी मापाचा, एवढं एकच मागणं. तिने तो आणला, पण खोका तिकडेच कचऱ्यात टाकून, आतल्या जाळ्या जीन्सच्या घड्यांमध्ये खुपसून.

जाळी म्हणजे स्प्रू. साच्यातून निघालेली प्लास्टिकची चौकट असते आणि तिला हात, पाय, डोकी, बंदुका कैऱ्यांसारख्या लटकलेल्या असतात. शिपाई तयार मिळत नाही, तो जोडावा लागतो. बायकोने एक जाळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी पोरीला वजन वाहायला लावलंस?"

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोल्ट ॲक्शन 2012 साली आला. टेबलावर घरं, झाडं, कुंपणं मांडायची आणि दोन्हीकडच्या तुकड्या उभ्या करायच्या. प्रत्येक तुकडीमागे एक फासा पिशवीत जातो. न बघता फासा काढायचा. ज्याच्या रंगाचा निघेल त्याने आपली एक तुकडी हलवायची. गोळीबार, आगेकूच, धाव, दबा, सावरणं, आडवं पडणं, असे सहा हुकूम त्या फाशावरच छापलेले असतात. आपली पाळी कधी येईल ते सांगता येत नाही, आणि खरी मजा त्यातच आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर माझा खेळ वर्षातून चार वेळा होतो. बाकीचं वर्ष रंगवण्यात जातं, आणि त्यातलंही निम्मं काय रंगवायचं ते ठरवण्यात.

या वेळी मात्र ठरलेलं होतं. ब्रिटिश संचातून मला आपली माणसं काढायची होती, मराठा लाइट इन्फंट्रीची. इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या, त्यांत मराठा पलटणी होत्या. त्यांची हत्यारं, पट्टे, लोखंडी टोप सगळं ब्रिटिश पद्धतीचंच, म्हणून हाच संच चालतो. दहा जणांचं एक सेक्शन करायचं आणि त्याच्या पुढे नाईक यशवंत घाडगे, असा बेत होता.

घाडगे माणगाव तालुक्यातले. 10 जुलै 1944 रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सगळे पडले. ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन गप्प केली, एकाला टॉमी गनने, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगनने, टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीत मोंटोने गावी 2023 साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. मला तोच क्षण हवा होता: नळी धरलेली, दस्ता डोक्यावर उगारलेला. दोन हात कापून फिरवून जोडले असते तर जमण्यासारखं होतं. कागदावर चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं.

जाळ्या टेबलावर पसरल्या आणि टॉमी गनचा हात शोधला. तो होता, पण नळी नव्हती. नळी जीन्सच्या खिशातही नव्हती, बॅगेच्या तळाशीही नव्हती. भाची कोपऱ्यात गुपचूप चहा पीत बसली. स्टेन गन, म्हणजे वेगळ्या घडणीच्या सबमशीनगन, ढीगभर होत्या, पण स्टेन उगारून घाडगे होत नाहीत.

पिन तापवून भोक पाडायचं आणि तारेची नळी बसवायची असं ठरवून मी फेविक्विक घेऊन बसलो. इथे एक चूक केली, तुम्ही करू नका. फेविक्विकने प्लास्टिक चिकटतं खरं, पण वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो, आणि सांधा वरवरचाच राहतो. पॉलिस्टायरीनला प्लास्टिक सिमेंट लागतं. ते दोन्ही बाजू किंचित विरघळवून एकजीव करतं. माझी बाटली सुकून गेली होती. तार दोनदा चिकटवली, दोनदा पडली. तिसऱ्यांदा बोटालाच चिकटली.

तेवढ्यात दुसरी गोष्ट ध्यानात आली, जी खरं तर सहा महिन्यांपूर्वीच यायला हवी होती. संचातले शिपाई बॅटलड्रेसमध्ये होते. आखूड लोकरी जाकीट, जाड पँट, पायाला पट्ट्या. जुलैच्या इटलीत कोण लोकर घालतो? उन्हाळ्यात ती फौज सुती खाकीत होती, बाह्या दुमडलेल्या. म्हणजे बंदूक जोडली असती तरी माझा घाडगे चुकीच्या ऋतूत उभा राहिला असता. बाकी कुणाला ते कळलं नसतं, पण दर वेळी कपाट उघडताना मला दिसलं असतं.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि शिपाई नामदेव जाधव सापडले. सापडले म्हणजे नाव ठाऊक होतं. वाचलं नीट त्या रात्री. जाधव संगमनेरकडच्या निमजचे, पहिल्या बटालियनचे, कंपनी कमांडरचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. पलीकडच्या बंधाऱ्यावर चढताच त्यांच्या लहानशा तोंडच्या तुकडीला मशीनगननी झोडपलं. जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या बंधाऱ्यावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकटेच परत गेले आणि पहिलं ठाणं साफ केलं. हाताला जखम झाल्यावर टॉमी गन चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि ग्रेनेड घेतले. अशी तीन ठाणी संपवली. शेवटी उखळी तोफांचे गोळे पडत असताना बंधाऱ्याच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत उरलेल्या कंपन्यांना हात करून नदीपार बोलावलं. आणि ते जगले, व्हिक्टोरिया क्रॉस लावून गावी परतले.

एप्रिलच्या सुरुवातीला लोकर खपून जाते. आणि टॉमी गन? ती तर त्यांनी फेकूनच दिली होती! मोडकी गन त्यांच्या पायाशी चिखलात अर्धी बुडवायची, नळीकडून. सकाळी हे भाचीला सांगितलं तर म्हणाली, "बघ, मी मुद्दामच तोडून आणली."

इथवर जोडणी. आता रंग, म्हणजे खरा प्रश्न.

कपड्यांचं फार अवघड नाही. व्हॅलेहो या रंगांच्या कंपनीचा 'इंग्लिश युनिफॉर्म' नावाचाच तपकिरी-खाकी रंग आहे, बॅटलड्रेसला बरेच जण तोच वापरतात. पट्ट्यांना जरा हिरवट खाकी, बुटांना काळा, आणि सगळ्यावरून पातळ तपकिरी वॉश, म्हणजे घड्यांत सावली आपोआप बसते. एक मात्र खरं, एवढ्याशा मूर्तीवर रंग बाटलीतल्यापेक्षा गडद दिसतो. तो थोडा उजळूनच लावावा लागतो, नाहीतर सगळे शिपाई हातभर अंतरावरून कोळशाचे वाटतात.

अडकलो कातडीवर. माझ्याकडच्या कातडीच्या बाटल्या, तीन कंपन्यांच्या, गुलाबी आहेत. काही गुलाबी आणि काही जास्त गुलाबी. व्हिडिओंमधली सगळी मापं त्यांच्यासाठीच. आपला माणूस रंगवायचा तर त्यातच तपकिरी मिसळा, असा सल्ला एका मित्राने दिला. मिसळलं. पहिलं डोकं विटेसारखं झालं. दुसऱ्यावर उजेड दाखवायला पांढरा घातला, तर चेहऱ्याला भस्म फासल्यासारखा दिसायला लागला. तिसरं डोकं वाळत असताना भाची म्हणाली, "मामा, तुझाच हात ठेव ना शेजारी."

मी हात ठेवला. वीस वर्षं स्कूटर चालवून मनगटापासून कोपरापर्यंत एक रंग झालाय, आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली दुसराच. लोखंडी टोपाखालच्या चेहऱ्याला अर्थातच उन्हातला रंग हवा. बाटल्या बाजूला सारल्या आणि कॅमलच्या ॲक्रिलिक ट्यूबा काढल्या. बर्न्ट सिएना आणि येलो ऑकर जवळजवळ सारखे, आणि पांढऱ्याचा नुसता स्पर्श. सावलीला बर्न्ट अंबर आणि अगदी टिचभर निळा. उजेडाला पांढरा वाढवायचा नाही, ऑकर वाढवायचा, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर आणि गालावर ऊन पडल्यासारखं होतं, राख नाही. खालचा ओठ थोडा लालसर. चौथं डोकं वाळलं आणि आमच्या घरातल्या कुणाचंही असावं असं दिसायला लागलं. दहाही जणांना एकच रंग द्यायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. एकाला ऑकर जास्त, एकाला अंबर जास्त. कोकणातला एक, घाटावरचे बाकीचे.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी ताटली, विकत घेऊ नका. जुन्या डब्याचं झाकण, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर. रंग दोन दिवस ओला राहतो.

प्रायमरचं मात्र पावसाने अडवलं. मूर्तीवर आधी प्रायमर मारावा लागतो, नाहीतर रंग नखाने निघतो. माझ्याकडे स्प्रेचा डबा आहे, पण पुण्याच्या जुलैमध्ये हवा इतकी दमट की फवारा वाळायच्या आधीच दाणेदार होतो. शिपायांवर धोका नको म्हणून आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून पाहिला. चमचा सॅंडपेपरसारखा झाला. चाचणीच्या डोक्यांना ब्रशनेच पातळ हात दिला होता, पण दहा जणांना ब्रशने मारायचा तर घड्या बुजतात. म्हणून प्रायमर ऑक्टोबरच्या उन्हात. तोवर जोडणी, साच्याच्या रेषा सुरीच्या पाठीने खरवडणं, आणि बंधारा.

बंधाऱ्याचं मला काही शिकावं लागलं नाही. सेनिओचे बंधारे उंच आणि उभ्या उताराचे होते, त्यांच्याच पोटात जर्मनांनी खंदक खणले होते. असा उतार मी दुसरीत असल्यापासून करतोय, दर दिवाळीत. विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, हाताने दाबत बुरूज काढायचा, वरून हळीव पेरायचा. या वेळी विटांऐवजी थर्मोकोल, चिखलात थोडा फेविकॉल, आणि हळिवाऐवजी वाळवलेला चहाचा चोथा, चिखलात पडलेल्या पाल्यासाठी. आईने माळ्यावरून जुन्या चित्रांची टोपली काढून दिली. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे, नाक नसलेले, तलवारी मोडलेले. त्यांची कातडी मी त्या वेळी गुलाबीच रंगवली होती.

सध्या दहापैकी सात जण पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवून उभे आहेत. जाधवांचा डावा हात ग्रेनेडसह जोडलाय, उजवा मात्र अजून ठरत नाही; हाक मारताना तळवा पुढे असावा की बोटं आत वळलेली, यावर घरात दोन मतं आहेत. भाची सप्टेंबरमध्ये परत जाईल. पुढच्या वेळी खोक्यासकट आणीन म्हणालीये, पण खोक्यात बसेल तेवढंच.