व्हॅम्पायर राजा आन् ओलिताची लाईन

काल राती लाईन (वीज) आल्यावर हरभऱ्याच्या ओलिताला मोबाईलवर व्हॅम्पायर राजाची गोष्ट लावली होती. आजचं मोठं शहर, राज्य त्याचं. कायदाही त्याचाच: माणसाला चावाल तर मरण. आणि चावली कोण? त्याचीच राणी!

मोठेबाबा नोझलमध्ये अडकलेली काडी काढत ऐकत होते. म्हणाले, "रातीच जागते ना हा राजा? मंग याच्या राज्यात लाईनबी रातीच येत असन!"

या कथांशी नाव जोडलेला व्लाद तिसरा (ड्रॅक्युला) खराखुरा राज्यकर्ता होता, आजच्या रोमानियातला, १५व्या शतकातला. लोकांना सुळावर द्यायचा. त्याच्यापुढे हा गोष्टीतला बराच गरीब.

पण राणीला माफी दिली तर बाकीच्यांनी कायदा का पाळावा? मोठेबाबांना विचारलं.

"पैले तिले इचारलं का कोनं, उपाशी होती का म्हून?"