बारापैकी सहा

“निम्म्या मॅच हरलेल्या संघासाठी पेढे वाटतेस?” सांगलीहून दादानं फोनवर हे विचारलं तो दिवस २४ नोव्हेंबर २०२४. त्याच्याकडे रविवारची सकाळ, माझ्याकडे शनिवारची रात्र. तेव्हापासून हाच प्रश्न मला ओमाहात गणपतीला भेटलेल्या मंडळींनी विचारलाय, पुण्याच्या मैत्रिणींनी विचारलाय, सासूबाईंनी तर दोनदा. ऑक्टोबर लागला की मी आणि शेजारच्या आजी उरलेल्या मॅचची गणितं मांडत बसतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अजिंक्यपदाचा पत्ता नाही, मग ही आकडेमोड कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी लिंकनला राहते, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या राजधानीत. इथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणजे हस्कर्स. हा फुटबॉल पायानं खेळायचा नाही, लांबट चेंडू हातात धरून पळायचा आणि समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचा. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर बारा मॅच होतात. त्यातल्या सहा जिंकल्या की संघ ‘बाऊल’ला पात्र ठरतो. बाऊल म्हणजे डिसेंबर-जानेवारीत दूरच्या एखाद्या शहरात, भलत्याच भागातल्या संघाशी होणारी एक जादा मॅच. वाटीच्या आकाराच्या स्टेडियमवरून हे नाव पडलं. पासाडेनाचा रोझ बाऊल सगळ्यात जुना आणि मानाचा, आणि आज असे चाळीसच्या आसपास बाऊल होतात. देशाचं अजिंक्यपद वेगळं, त्यासाठी २०२४ पासून बारा संघांची प्लेऑफ असते. आम्ही त्या बारांच्या जवळपासही नव्हतो. आमचं सगळं लक्ष सहा या आकड्यावर.

दादा म्हणाला, म्हणजे काठावर पास. हो, काठावर पास. पण कोणाच्या घरातलं पोर, आणि कितव्यांदा बसलेलं, तेही बघायला हवं.

नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. फुटबॉल असो, बेसबॉल असो, बास्केटबॉल असो, मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ या राज्यात नाही. जे काही आहे ते हस्कर्स. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक मॅचला संपलेली आहेत, अगदी हरण्याच्या वर्षांतसुद्धा. मॅचच्या दिवशी ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे हे स्टेडियम, असं इथे म्हणतात, आणि पंचाऐंशी हजार माणसं आत बसली की ते खरंच असतं. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं या संघाच्या नावावर आहेत. टॉम ऑस्बोर्न पंचवीस हंगाम प्रशिक्षक होते आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी मॅच जिंकले नाहीत. १९६९ पासून २००३ पर्यंत सलग पस्तीस वर्षं बाऊल चुकला नव्हता. शेजारच्या आजींचं अर्धंअधिक आयुष्य या काळातलं. त्यांची तिकिटं त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली, जशी आपल्याकडे जमीन येते.

मी आले २०१६ च्या ऑगस्टमध्ये. कोणी ओळखीचं नाही, नवरा दिवसभर लॅबमध्ये. सप्टेंबरच्या एका शनिवारी सकाळी पाहते तो काय, सगळा रस्ता लाल. दूध आणायला निघालेला म्हातारा लाल, बाबागाडीतलं बाळ लाल. आजींनी दार वाजवून आम्हाला जेवायला बोलावलं. राजम्याची भाऊबंद शोभेल अशी दाट चिली आणि तिच्यासोबत दालचिनीचा गोड रोल. तिखटागोडाची ही जोडी इथल्या शाळांमधल्या जेवणातून आलेली आहे, आणि पुरणपोळीशी कटाची आमटी खाणाऱ्या मला तिचं नवल वाटलं नाही. जेवता जेवता आजींनी मला चार डाऊन आणि दहा यार्डांचा हिशोब, म्हणजे चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, वाटाण्याचे दाणे मांडून शिकवला. त्या वर्षी संघ पहिल्या सातही मॅच जिंकला, एकूण नऊ जिंकला, आणि नॅशव्हिलच्या बाऊलमध्ये टेनेसीकडून हरला. मला वाटलं, दरवर्षी असंच असतं.

त्यानंतर सात हंगाम बाऊल नाही. २०१७ आणि २०१८ ला चार-चार विजय. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली चालवणारा खेळाडू, स्कॉट फ्रॉस्ट, नेब्रास्कातच वाढलेला मुलगा, प्रशिक्षक म्हणून परत आला तेव्हा लोकांनी घरचा राम अयोध्येला आल्यासारखं स्वागत केलं. सत्तेचाळीस मॅचमध्ये सोळा विजय झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला काढावं लागलं. २०२१ चा हंगाम तर मला आजही आठवू नये असं वाटतं. नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. सपाटून हरलेल्या संघावरून मन उठतं. दर शनिवारी हातातोंडाशी आलेला घास जातो तेव्हा मन उठतही नाही, हा त्यातला खरा त्रास.

दोनदा तर सहावा विजय अगदी उंबऱ्यापर्यंत आला होता. २०१९ ला पाच जिंकून आम्ही शेवटच्या मॅचला आयोवासमोर उभे होतो, लिंकनलाच. बरोबरी चाललेली, घड्याळात एक सेकंद उरलेलं, आणि आयोवाच्या पोरानं ४८ यार्डांवरून चेंडू पायानं मारून खांबांमधून घातला. तीन गुण, आणि मॅच त्यांची. २०२३ ला पुन्हा तेच. पहिल्या आठ मॅचमध्ये पाच विजय, उरलेल्या चारांत फक्त एक हवा होता. चारही गेल्या, आणि शेवटची पुन्हा आयोवाकडून, पुन्हा लिंकनला, पुन्हा शेवटच्या क्षणी मारलेल्या चेंडूवर, १३-१०. त्या दिवशी आजी स्टेडियमवरून आल्या आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिल्या. मी चहा केला. आलं घातलेला माझा चहा त्यांना आवडतो, पण त्या दिवशी तो तसाच गार झाला.

आता २०२४ चा ऑक्टोबर. सहा मॅच झालेल्या, पाच जिंकलेल्या. मधला एक शनिवार मोकळा होता. आजींच्या गॅरेजमध्ये आम्ही चौघं जमलो, त्यात ग्रँड आयलंडहून आलेला त्यांचा मुलगा होता. फ्रिजवर चिकटवायचं वेळापत्रक आजींच्या हातात, विमा एजंट दरवर्षी फुकट वाटतो ते. बारा ओळी, प्रत्येकीपुढे निकाल लिहायला कोरी जागा. सहा ओळी बॉलपेननं भरलेल्या.

उरलेल्या सहा होत्या या विद्यापीठांशी: इंडियाना, ओहायो स्टेट, लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी, विस्कॉन्सिन आणि आयोवा. आजींचा मुलगा म्हणाला, तीन तर सहज. इंडियाना म्हणजे काय, तिथे फुटबॉल कोण खेळतं? माझ्या नवऱ्यानं सांगितलं की इंडियाना या वर्षी अजून हरलेलं नाही, नवा प्रशिक्षक आलाय, जरा जपून. ओहायो स्टेटवर सगळ्यांचं एकमत होतं, ती सोडून द्यायची. यूएससी लॉस एंजेलिसला, अवघड. विस्कॉन्सिननं आम्हाला सलग दहा वेळा हरवलेलं. आयोवाचं नाव कोणी घेतलं नाही. माझं बोट यूसीएलएवर होतं. त्यांनी हंगामात तोवर एकच मॅच जिंकली होती, आणि मॅच आमच्या मैदानावर. मी म्हणाले, “सहावा इथे.” आजींनी वेळापत्रक माझ्या हातातून काढून घेतलं. “लिहिल्याशिवाय मोजायचं नाही,” एवढंच म्हणाल्या.

तुमच्यापैकी ज्यांनी आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात ‘हे हरले आणि ते जिंकले तर’ असं केलंय त्यांना हे कळेल. पण इथे एक फरक आहे. दुसऱ्या कोणाच्या हरण्यावर काही अवलंबून नसतं, सहा म्हणजे सहा, आपले आपण मिळवायचे.

इंडियानानं ५६-७ नं धुतलं. ओहायो स्टेटला मात्र आम्ही त्यांच्या घरी घाम फोडला आणि २१-१७ नं हरलो. त्या रात्री मी खूश होते, कारण पुढे माझं यूसीएलए होतं. २७-२०, हरलो. मी बोट ठेवलेली मॅच. मग यूएससी, २८-२०, तीही गेली. पाच विजयांवर पाच पराभव, आणि गेल्या वर्षीसारखंच चित्र. त्या आठवड्यात ऑफिसमध्ये दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, सहा-सहा करून कुठल्यातरी थंड शहरातल्या बाऊलला जाण्यापेक्षा न गेलेलं बरं, त्यात मान कसला. दुसरी बाजू आमची.

इथेच मला दादाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. बाऊल मिळाला की संघाला डिसेंबरभर सराव करता येतो, नाहीतर नोव्हेंबर संपला की मैदान बंद. पहिल्या वर्षाची जी पोरं वर्षभर बाकावर बसली, त्यांना या दिवसांत खेळायला मिळतं. फ्रॉस्टनंतर आलेल्या मॅट रूलसारखा प्रशिक्षक पडका वाडा पुन्हा उभारत असतो तेव्हा हे दिवस सोन्याचे. आणि जाणारी पोरं? टाय रॉबिन्सन हा बचावफळीतला धिप्पाड गडी २०१९ ला इथे आला. त्याचे पाच हंगाम बाऊलविनाच संपले, २०२४ हा सहावा. या पोरांनी राज्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे टोमणे ऐकले, आजोबांच्या काळातल्या पाच अजिंक्यपदांचं ओझं वाहिलं. ज्यांनी ती जिंकली त्यांचं कौतुक झालंच. यांना एक बाऊल मिळावा असं मला मनापासून वाटत होतं. ही मॅच कुठल्या शहरात होणार आणि तिथे थंडी किती, हे मला महत्त्वाचं कधी वाटलंच नाही. २०१५ ला पाचच मॅच जिंकूनही पोरांच्या अभ्यासाच्या आकड्यांवर बाऊल मिळाला होता, संघ कमी पडले म्हणून. त्याबद्दल आजी बोलत नाहीत. त्यांना मिळवलेला हवा होता.

२३ नोव्हेंबरला विस्कॉन्सिन आलं. मी आजींच्या शेजारी स्टेडियममध्ये होते, त्यांच्या भावाच्या जागेवर. मध्यंतराला २४-१०. माझ्या आसपास कोणी हसत नव्हतं, कारण आघाडी घालवणं काय असतं हे त्या रांगेत सगळ्यांना पाठ होतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत फळ्यावर चाळिशी ओलांडली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका माणसानं टोपी काढून तोंडावर धरली आणि तो रडला. पन्नाशीचा, शेतकरी असावा, हात तसे होते. निकाल ४४-२५. आजींनी माझं मनगट धरलं होतं ते बाहेर रस्त्यावर येईपर्यंत सोडलं नाही. गंमत अशी, की विस्कॉन्सिनलाही तोवर पाचच विजय होते. पुढची मॅचही ते हरले आणि त्यांची सलग बावीस वर्षांची बाऊलची परंपरा त्याच आठवड्यात तुटली. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. ते पहिलं वर्ष कसं जातं हे मला माहीत आहे.

त्या रात्री मी दूध पावडरचे पेढे केले, वेलदोडा जास्त घालून, आणि अख्ख्या गल्लीत वाटले. त्याच वेळी दादाचा फोन आला.

सहा दिवसांनी आयोवाकडे आयोवाच्या मैदानावर १३-१० नं हरलो, शेवटच्या क्षणी ५३ यार्डांवरून मारलेल्या चेंडूवर. होय, पुन्हा तसंच. पण सहा झाले होते. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधल्या पिनस्ट्राइप बाऊलचं बोलावणं आलं, समोर बॉस्टन कॉलेज.

२८ डिसेंबरला आम्ही आजींच्या घरी टीव्हीसमोर. आम्ही २०-२ नं पुढे, मग ते १५ पर्यंत आले, आजी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मॅच संपल्याचं मी ओरडून सांगेपर्यंत तिथेच थांबल्या. बाहेर आल्या त्या फ्रिजवरचं वेळापत्रक हातात घेऊनच. बाराच्या बारा ओळी भरलेल्या होत्या. त्यांनी तळाशी, विमा एजंटाच्या फोन नंबरच्या खाली, पट्टी धरून तेरावी रेघ मारली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं, २०-१५.